बुकित बातोकचे फ्रेंच मेस्त्री

मेस्त्रीकाका कुठल्याही कपाटाची आधी पाठ बघत. गिऱ्हाईक समोर उभं राहून दारावर कोरलेल्या कबुतरांचं, गव्हाच्या ओंब्यांचं कौतुक करत असायचं आणि हे मात्र अंग चोरून कपाटामागे शिरलेले, हातात टॉर्च, गाल फळीला टेकलेला. बाहेर येत तेव्हा केसांत जळमटं असत. "पुढून काय, सगळेच चांगले दिसतात," ते म्हणायचे. "सुताराला खोटं बोलायचं असलं तर तो पुढून बोलतो. मागच्या बाजूला खोटं बोलायला त्याच्याकडे वेळ नसतो." पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा विक्षिप्त म्हातारा दुकानात ठेवलाय कशाला? पुढे चार वर्षं दर बुधवारी मी त्याच म्हाताऱ्याकडे जात होते.

इथल्या मराठी मंडळींत त्यांना 'फ्रेंच मेस्त्री' म्हणत. त्यात थोडी थट्टाही असायची. बँकांत आणि मोठमोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्या आमच्या लोकांत हा एकच माणूस असा, की गणपतीच्या जेवणाला आला तरी नखांत मेण आणि कानामागे भुसा. कुडाळजवळच्या एका वाडीतलं सुतारांचं घर. वडील नांगर करायचे, दारं करायचे, बाळंतिणीच्या बाजा करायचे. काका विशीत देश सोडून इथे सेम्बावांगच्या गोदीत आले, जहाजांच्या केबिनींचं लाकडी काम करायला, आणि हळूहळू इथलेच झाले. तोआ पायोहला फ्लॅट, सुजाता नावाची एक मुलगी, बायको बरीच वर्षं आधी गेलेली. एवढी वर्षं इथे काढूनही जीव कासावीस झाला की तोंडून मालवणीच यायची.

गोदीतून ते फ्रेंच कपाटांकडे कसे आले, ती गोष्ट ते फार आवडीनं सांगत. एका फ्रेंच बाईंनी बुकित बातोकच्या औद्योगिक इमारतीत दुकान थाटलं होतं. खाली गाड्यांची गॅरेजं, शेजारी एअरकॉन दुरुस्त करणारा, आणि तिसऱ्या मजल्यावर फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून कंटेनर भरून आणलेलं जुनं सामान. त्यांना सगळे मादाम म्हणत. पहिल्या कंटेनरमधून एक कपाट आलं ते नुसत्या फळ्यांची मोळी होऊन. तिथल्या खेड्यांतली ती मोठी कपाटं सुटी करता येतात; त्यांत खिळा नाही, सरस नाही, नुसत्या लाकडी खुंट्या. मादामनी दोन दुकानांतले सुतार बोलावले, दोघांनी स्क्रू मागितले. मग कुणीतरी गोदीतल्या मेस्त्रींचं नाव सांगितलं. काकांनी सगळ्या फळ्या जमिनीवर पसरल्या, प्रत्येक फळीच्या कडेवर पटाशीनं मारलेल्या बारीक खुणा बघितल्या आणि जेवणाच्या आत कपाट उभं केलं. "माझा बापूस अशाच खुणा करायचा," ते म्हणाले. "दोन रेघा दोन रेघांना भेटायच्या, तीन तिनांना. त्यात फ्रेंच काय आहे?" मादामनी त्यांना परत गोदीत जाऊच दिलं नाही.

माझा त्या दुकानाशी संबंध आला तो मैत्रिणीमुळे. तिला काँडोतल्या नव्या फ्लॅटसाठी 'फ्रेंच फार्महाऊस'चं जेवणाचं टेबल हवं होतं. मी पुण्यात शाळेत फ्रेंच शिकवत असे आणि इथे नवऱ्याच्या नोकरीपायी डिपेंडंट पासवर घरी बसले होते, म्हणून तिनं मला बरोबर घेतलं, जणू काही टेबलाशीच बोलायचं होतं. एक लांबलचक टेबल तिच्या मनात भरलं. आमचं बोलणं ऐकून टेबलाखालून कुणीतरी मराठीत म्हणालं, "ताई, पाय आजोबांचे आहेत, पण वरची फळी नातवाची आहे." मग भुश्यानं माखलेले मेस्त्रीकाका बाहेर आले. "कुठल्या तरी जुन्या घराची जमीन उपटून वर बसवलीय. घ्यायचं तर घ्या. जुनं म्हणून घेऊ नका." मैत्रीण नाराज होऊन खुर्च्या बघायला गेली.

मी एका उघड्या कपाटाशी उभी होते. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं होतं, पुसट, तिरकं, शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाच्या हातचं. मी सहज वाचून मराठीत म्हटलं, "लाल गाय व्याली. कालवड. अहो, हे कुणी लिहिलंय?"

मेस्त्रीकाकांच्या हातातला टॉर्च जागच्या जागी थांबला. "काय म्हणालात? परत वाचा."

मी परत वाचलं.

"आणि त्याच्या खाली?"

"गारा पडल्या. सफरचंदं गेली."

ते शेजारच्या स्टुलावर बसले. "इतकी वर्षं मी या अक्षरांवर मेण चढवतोय बाई. मला वाटायचं, सुतारानं मापं लिहून ठेवलीत. मादामना कधी विचारलं नाही. माका फ्रेंच वाचूक येणा नाय, ह्या त्यांका कित्या सांगूचा?"

मादाम तोवर त्यांच्या गावी परत जाऊन वारल्या होत्या. विचारायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून पुढच्या बुधवारी मी गेले, आणि मग जातच राहिले. ते मला शेवटपर्यंत 'बाई'च म्हणाले, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं.

वाचायला बसण्याआधी ते हात स्वच्छ धुवायचे. खालच्या कँटीनमधून दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून ठेवायचे आणि पोथी ऐकायला बसावं तसे मांडी घालून बसायचे. मी टॉर्च अक्षरांवर तिरका धरायची, तेव्हा कुठे काळपट ओकच्या लाकडावर पेन्सिलीची चमक दिसायची. फोटो काढून पाहिले, तर त्यात काळं लाकूड आणि टॉर्चचा पांढरा डाग याशिवाय काही येत नसे. त्या खेड्यांत कागद कुठला? घरातली मोठी, न हलणारी वस्तू म्हणजे कपाट, तेव्हा ठेवणीतली बातमी त्याच्या दारावर. कुठे पहिलं बर्फ, कुठे डुक्कर मारल्याचा दिवस, कुठे आजीचं मरण आणि त्याच्याच खाली कोंबडी खुडूक बसल्याची नोंद. कणीक मळायच्या एका लाकडी काठवटीच्या झाकणाखाली फक्त एक शब्द खरवडलेला होता. मी तो वाचला: "भूक." काकांनी झाकण अलगद मिटलं आणि त्या दिवशी दुसरं काही वाचू दिलं नाही.

या सामानाचा इतिहास त्यांना मादामकडून तोंडी मिळाला होता, आणि तो ते स्वतःच्या नातेवाइकांचा असावा तसा सांगायचे. राजाच्या महालातली वळणदार पायांची फॅशन खेड्यात पोचायला इतका वेळ लागायचा, की तोवर तो राजा मेलेला असायचा. "सुतारानं महाल बघितलेला नसायचा," ते म्हणत. "कुणीतरी कुणालातरी सांगितलं, त्यानं याला सांगितलं, आणि यानं आपल्या मनानं पाय वाकवले." दक्षिणेकडे पाव ठेवायची जाळीची पेटी भिंतीला उंच टांगायचे, उंदरांच्या भीतीनं. पश्चिमेला थंडी अशी, की पलंगालाच दारं लावायचे आणि आत शिरून बंद करून घ्यायचे. आणि मुलगी जन्मली, की बाप एक ओक तोडून फळ्या सुकायला ठेवायचा. ती लग्नाची होईपर्यंत तिच्या कपाटाचं लाकूडही तयार. मी एकदा म्हटलं, असल्या गोष्टी व्यापारी रचून सांगतात. "मादामही तेच म्हणायच्या," ते म्हणाले. "निम्म्या खोट्या असतात म्हणे. पण लाकूड सुकायला तेवढी वर्षं लागतात, ते खोटं नाही."

मात्र या इतिहासाचा शेवट ते घाईनं उरकत. लढाईत गावोगावची पोरं गेली. उरलेली शहरात गेली. सुनांना चकचकीत, पुसायला सोपी कपाटं हवी झाली. लग्नाची कपाटं गोठ्यात गेली आणि त्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मग व्यापारी आले. "आमच्याकडे तेवढंही नाही झालं," ते एकदा म्हणाले. "बापसानं केलेली दारं गावात फोडून चुलीत घातली. कोण कंटेनर पाठवणार कुडाळला?"

नव्या आलेल्या लाकडाला ते तीन महिने हात लावत नसत. थंड मुलखात सुकलेलं लाकूड इथल्या दमट हवेत फुगतं, दारं अडकतात, खुंट्या आवळतात; आणि तेच नंतर कुणाच्या घरात एअरकॉनखाली गेलं की तडकतं. "पाहुण्याला आल्या आल्या कामाला लावतात का? हवा कळू दे त्याला." विकत घेणाऱ्याला ते बजावून सांगत, एअरकॉनच्या झोताखाली ठेवू नका. लोक नेमके तिथेच ठेवत. मग काका आपली पिशवी घेऊन एमआरटीच्या ट्रेननं कुणाच्या तरी बाविसाव्या मजल्यावर जायचे आणि फटीत बारीक कपची बसवून यायचे.

सुजाताला या सगळ्याचा कंटाळा होता. ती कधीमधी वडिलांना न्यायला दुकानात यायची, ऑफिसच्या कपड्यांत, दारापासून दोन पावलं लांब उभी राहायची. "पा, नोबडी वॉन्ट्स ब्राउन फर्निचर एनीमोर लाह," ती म्हणायची. काका मराठीत उत्तर द्यायचे, "बरोबर आहे बाळा." आणि हातातलं काम पुरं करूनच उठायचे.

ती म्हणत होती ते खरंच होतं. मादामनंतर दुकान त्यांच्या पुतण्याकडे आलं. माणूस वाईट नव्हता. काकांना 'मेस्त्री' असं नीट उच्चार करून म्हणायचा, त्यांच्या वाढदिवसाला केक आणायचा. पण त्याला माल हलवायचा होता. गिऱ्हाइकांना अक्रोडाचा तपकिरी रंग उदास वाटायचा, म्हणून अक्रोडावर पांढरा रंग चढू लागला. काका तो रंग स्वतः देत नसत. ते काम दुसऱ्या कामगाराकडे गेलं. काका त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायला लागले. त्याच सुमारास त्यांच्या नाकातून अधूनमधून रक्त यायचं. विचारलं की म्हणत, "भुसा आहे. चाळीस वर्षं जेवणात पण तोच आहे."

मग त्या पुतण्यानं ठरवलं, की जागा सोडायची. जे विकलं जाईल ते विकायचं, उरलेलं मोडीत. लाल गाईचं ते कपाट वर्षानुवर्षं तसंच पडून होतं. त्याचं फक्त उजवं दार लावलेलं असायचं. डावं दार किड्यांनी कुरतडलेलं होतं, म्हणून ते सुटं करून मागच्या ढिगात टेकवलं होतं. अखेर एक जोडपं ते घ्यायला तयार झालं, पण मद्याच्या बाटल्यांसाठी. आत दिवे, काचेचे कप्पे, आणि आतलं लाकूड घासून स्वच्छ, फिकट. दारं दिवाणखान्यात कायम उघडी राहणार, तेव्हा आत डागाळलेली पेन्सिल नको. काकांनी विचारलं, आतून पातळ प्लायवूड लावून देऊ का? त्यांना खरं लाकूडच दिसायला हवं होतं. नाहीतर कपाटच राहू दे, असं ते जोडपं म्हणालं.

मला हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी कळला तो फक्त एक फोन. एका गुरुवारी काका म्हणाले, "बाई, डावं दार ढिगातून काढलं. त्याच्यावर पण लिहिलंय. वरपासून खालपर्यंत. बुधवारी याल ना?"

माझे सासू-सासरे पुण्याहून आले होते. बुधवारी त्यांना सेंटोसाला न्यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, "काका, या बुधवारी नाही जमणार. पुढच्या बुधवारी नक्की येते."

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या बुधवारी."

कपाट त्या बुधवारनंतरच्या शनिवारीच जाणार होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. कुणाकडे एकच गोष्ट दोनदा मागायची नाही, असा त्यांचा स्वभाव. आणि मीही विचारलं नाही, की घाई आहे का. सेंटोसाला ऊन फार होतं, सासूबाईंचे पाय दुखले, आम्ही दुपारीच परत आलो. मनात आणलं असतं तर संध्याकाळी बुकित बातोकला जाता आलं असतं.

पुढच्या बुधवारी गेले तेव्हा कपाटाच्या जागी जमिनीवर एक फिकट चौकोन होता. काका एका खोक्यावर बसले होते. हात धुतलेले, समोर दोन कोपी.

"कुठे गेलं?" मी विचारलं.

"गेलं शनिवारी. मीच घासलं. शुक्रवारी दिवसभर." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी नाही म्हटलं असतं तर कपाट मोडीत गेलं असतं. लाकूड राहिलं, लिहिलेलं गेलं. दोन्ही नाही राखता आलं."

तुम्ही सांगितलं का नाहीत, एवढंच तोंडातून निघालं. ते म्हणाले, "तुमची माणसं आली होती ना." त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

मग त्यांनी खोक्यामागून एक गुंडाळी काढली. पारदर्शक प्लॅस्टिकचा लांबरुंद तुकडा. गोदीत असताना वाकड्या पत्र्यांचे नमुने ते असे प्लॅस्टिकवर उतरवून घ्यायचे. डाव्या दारावर ते चिकटवून, एका हातात टॉर्च तिरका धरून, दिसेल ती प्रत्येक रेघ त्यांनी बारीक काळ्या पेनानं गिरवली होती. गुरुवारी फोन ठेवल्यापासून पुढचा आख्खा आठवडा ते हेच करत होते. अक्षर कोणतं, लाकडाची रेषा कोणती, किड्यानं कोरलेली नागमोडी वाट कोणती, हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून त्यांनी सगळंच गिरवलं होतं. पांढऱ्या भिंतीवर धरलं तर आधी नुसतं काळं जंगल दिसायचं.

"आता येईल का वाचता?" त्यांनी विचारलं.

"वेळ लागेल. पण येईल."

"लागू दे. घाई कसली आता."

मी गुंडाळी घरी आणली. पहिल्या आठवड्यात चार ओळी सोडवल्या. मग सासू-सासरे पुण्याला परत गेले, मुलीच्या परीक्षा आल्या, आणि गुंडाळी वॉर्डरोबवर गेली. दुकान बंद झालं. बुधवार रिकामे झाले. काकांना दोनदा फोन केला. आवाज नाकात अडकलेला, जेमतेम कळणारा. "सर्दी आहे," म्हणाले. वाचलंत का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

काही महिन्यांनी सुजाताचा फोन आला. "आंटी, पा हॉस्पिटलमध्ये आहे. नाकात ट्यूमर. तो तुम्हाला बोलावतोय. कॅन कम ऑर नॉट?"

डॉक्टरांनी म्हणे पहिलाच प्रश्न विचारला होता, की या माणसानं लाकडात किती वर्षं काम केलंय. ओकसारख्या लाकडाच्या बारीक भुश्यानं असं होऊ शकतं. तेव्हा काका नर्सला म्हणाले होते, "माय फॉल्ट. मास्क पुट, कॅनॉट स्मेल द वूड."

मी दोन दिवस बाकी सगळं सोडून गुंडाळी भिंतीवर लावली आणि वाचली. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. काकांचा चेहरा पट्ट्यांनी अर्धा झाकलेला होता. डोळे मात्र तेच, फळीमागे डोकावणारे. सुजाता खाली जेवायला गेली होती. मी गुंडाळी पलंगावर उलगडली आणि बोट ठेवून वाचू लागले. लिहिणारी एक आई होती, हे या दारावर स्पष्ट होत होतं.

"काळ्या गाईला वासरू. मेलं. पुढे आहे, सासऱ्यांना पुरलं. मग हे बघा काका, जूल गेला. त्याच दिवशी सैन्यानं घोडीही नेली."

"जूल कोण?"

"मुलगा. लढाईवर गेला असणार."

"घोडी पण?"

"हो. सैन्य गावातली जनावरंही घेऊन जायचं."

"पुढे?"

"पत्र नाही. त्याच्या खाली, पत्र नाही. मग, जूलचं पत्र, मोजे मागितलेत. मग परत, पत्र नाही. पत्र नाही. पत्र नाही."

काकांनी गुंडाळीची कड बोटांनी सरळ केली. मग घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत बोलले. गोदीत आल्यावर पहिली काही वर्षं ते घरी गेलेच नव्हते. सुट्टी मिळायची, तर जादा काम मिळायचं. आई वारली ते तार फिरत फिरत पोचल्यावर कळलं, तोवर तिचे दिवसही होऊन गेले होते. गावातल्या त्यांच्या काकूनं नंतर सांगितलं, की संध्याकाळची एस.टी. आली की म्हातारी पायरीवर येऊन उभी राहायची. कोण उतरतं ते बघायची आणि आत जायची.

"माझ्या आवशीक लिवूक खंय येय होतां?" ते म्हणाले. "मग तिनं हे सगळं कशावर लिहून ठेवलं असेल, बाई?"

त्यांनी गुंडाळीच्या खालच्या कडेकडे बोट केलं. तिथे एक शेवटची ओळ होती. "आणि हे? आला का तो पोरगा परत?"

ती ओळ मी आदल्या दिवशीच सोडवली होती. फक्त तीन शब्द. पहिला किड्यांनी खाऊन टाकलेला. शेवटचे दोन शाबूत, त्यांचा अर्थ परत येणं. फ्रेंचमध्येही आपल्यासारखंच असतं. तो आला असेल तर एक रूप आणि ती आली असेल तर शेवटी एक अक्षर जास्त, इंग्रजी 'ई'सारखं, एवढंसं. काकांनी ते अक्षर, एक शब्दही समजत नसताना, अगदी काळजीनं गिरवलं होतं. त्याची शेपटीसुद्धा सोडली नव्हती. परत आला असं तिथे लिहिलेलं नव्हतं. आली, असं लिहिलेलं होतं. त्या घरातून गेलेली 'ती' एकच होती.

"आला," मी म्हटलं.

"लिहिलंय तसं?"

"हो काका. लिहिलंय. परत आला."

त्यांनी डोळे मिटले. पट्ट्यांमुळे चेहरा दिसत नव्हता. छाती हलत होती. मग म्हणाले, "बरं झालं. घासायच्या आधी कळलं असतं तर हात हलका चालला असता."

त्यानंतर ते पंधरा दिवस जगले. मंडाईच्या स्मशानात मोजकी माणसं होती. आमच्या मंडळींपैकी चौघं, गोदीतले दोन म्हातारे चिनी मित्र, आणि दुकानाचा मालक, काळ्या शर्टात, सगळ्यांच्या मागे. सुजाता मला म्हणाली, "आंटी, पा सगळ्यांना सांगायचा. नर्सला, क्लीनर आंटीला, सगळ्यांना. द बॉय केम बॅक, यू नो. ही केम बॅक. सो हॅपी." ती हसली आणि मग तिला रडू आलं.

महिन्याभरानं ती माझ्या घरी आली. तिला वडिलांनी गिरवलेली ती गुंडाळी हवी होती, फ्रेम करायला. "आणि आंटी, त्याचं मराठी लिहून द्याल? इंग्लिश नको. मराठी. मी हळू हळू वाचीन." ज्या मुलीनं बापाच्या सामानाला कधी हात लावला नव्हता, ती माझ्यासमोर मांडी घालून बसली होती.

मी लिहायला घेतलं. काळी गाय, सासरे, घोडी, पत्र नाही, मोजे. उजव्या दारावरचं मी तेव्हाच वहीत टिपलं होतं, तेही उतरवलं. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. दवाखान्यात एक काना लावून मी एका आईचा मुलगा घरी आणला होता. तो आजारी माणसासाठी होता. कागदावर तो तसाच ठेवणं मला जमेना. ज्या माणसानं मैत्रिणीचं टेबल तिला जुनं म्हणून घेऊ दिलं नव्हतं, त्याच्या भिंतीवर मी खोटं कसं टांगणार होते? मी लिहिलं: घोडी परत आली.

सुजातानं बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत सगळं वाचलं. फार वेळ लागला. "घो-डी. परत. आ-ली." तिनं मान वर केली. "घोडी इज हॉर्स, राइट? देन द सन?"

"त्याच्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"बट पा सेड..."

"मी सांगितलं होतं त्यांना तसं."

तिनं कागद मांडीवरून उचलला. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा बीप बीप आवाज येत होता. मग तिनं कागद परत मांडीवर ठेवला आणि शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"मग आईने नंतर काय लिहिलं?" तिनं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं.

"काही नाही गं," मी म्हटलं. "दार तिथेच संपतं."